मुस्लिम असणे: जन्माने मिळालेले नाव की रोज करायची कृती?

उंबरठा

गेल्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने मला विचारले, "खाला, आपण मुस्लिम आहोत हे कशावरून ठरतं?" मी हातातले काम न थांबवता सांगून टाकले की आपण मुस्लिम घरात जन्मलो म्हणून. तो "बरं" म्हणून खेळायला गेला, पण माझे उत्तर मलाच खटकत राहिले. ते खोटे नव्हते, तरी त्याने जे विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते, आणि म्हणून या चर्चामंचावर हा धागा काढते आहे.

शब्दापासून सुरुवात करते. ‘इस्लाम’ आणि ‘मुस्लिम’ हे दोन्ही शब्द अरबीतल्या स-ल-म या एकाच मूळ धातूवरून आले आहेत. ‘सलाम’ आणि मराठीत रुळलेला ‘सलामत’ हेही त्याच घरातले. ‘अस्लमा’ या क्रियापदाचा अर्थ स्वतःला सोपवणे, स्वाधीन करणे असा होतो, आणि जो सोपवतो तो ‘मुस्लिम’. व्याकरणाने पाहिले तर हे कर्त्याचे रूप आहे, आपल्याकडच्या ‘लेखक’ किंवा ‘वाचक’ यांसारखे. जो कधी लिहीत नाही त्याला केवळ लेखकाचा मुलगा म्हणून कोणी लेखक म्हणत नाही.

कुरआनात हा शब्द ज्यांच्यासाठी आला आहे त्यांची यादी पाहिली तर हे आणखी स्पष्ट होते. हजरत इब्राहीम (बायबलमधले अब्राहम) यांना त्यांच्या पालनकर्त्याने "सोपव" असे म्हटले आणि त्यांनी "मी विश्वाच्या पालनकर्त्याला स्वतःला सोपवले" असे उत्तर दिले (२:१३१, म्हणजे दुसरी सूरा किंवा अध्याय, १३१ वी आयत किंवा वचन). ते यहुदी नव्हते, ख्रिस्तीही नव्हते, तर एकनिष्ठ मुस्लिम होते, असे दुसऱ्या ठिकाणी आहे (३:६७). ईसांचे (येशूंचे) निकटचे अनुयायी "आम्ही मुस्लिम आहोत याचे साक्षी राहा" असे म्हणतात (३:५२), आणि सबाची राणी प्रेषित सुलैमान (सॉलोमन) यांच्यासह स्वतःला अल्लाहच्या स्वाधीन करते (२७:४४). ही सगळी माणसे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या कितीतरी शतके आधीची आहेत, तेव्हा इथे हा शब्द एखाद्या जमातीचे नाव म्हणून आलेला नसून त्यांनी केलेल्या एका कृतीचे वर्णन म्हणून आलेला आहे.

मराठीत हा अर्थ सांगताना आपण ‘शरण जाणे’ म्हणतो, आणि तिथे मी नेहमी अडखळते, कारण आपल्या भाषेत युद्धात हरलेलाही शरण जातो आणि भक्तही शरण जातो. पहिल्याला दुसरा मार्ग उरलेला नसतो; दुसऱ्यापुढे सगळे मार्ग मोकळे असतात आणि तरी तो एकच निवडतो. आकाशांत आणि पृथ्वीवर जे आहे ते खुशीने वा नाखुशीने त्याच्याच स्वाधीन आहे, असे कुरआन म्हणते (३:८३). सूर्य नियम मोडू शकत नाही, आणि माझे हृदयही मला न विचारता चालते. त्या अर्थाने माझे शरीर माझ्याआधीच आज्ञेत आहे. प्रश्न माझ्या त्या लहानशा भागाचा आहे, ज्याला ‘नाही’ म्हणता येते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आज्ञापालन म्हणजे फक्त नमाज, रोजा, जकात (धर्माने ठरवलेले दान), हज (मक्केची यात्रा) एवढेच का? ज्याच्या हातून आज्ञा मोडली जाते तो मुस्लिम राहतो का? आणि आज्ञा पाळणाऱ्याच्या सदसद्विवेकाचे काय होते?

वाचनकोपरा

पहिल्या प्रश्नासाठी ‘हदीसे जिब्रील’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रसंगाकडे जावे लागेल (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद). पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांनी सांगितलेला हा प्रसंग ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात ईमानविषयक (श्रद्धेविषयीच्या) प्रकरणाच्या अगदी आरंभी आहे. एक अनोळखी माणूस आला. कपडे लख्ख पांढरे, केस काळेभोर, अंगावर प्रवासाची एक खूण नाही आणि तरी त्याला कोणी ओळखत नव्हते. तो पैगंबरांच्या (स.) गुडघ्यांना गुडघे टेकवून बसला आणि त्याने विचारले, इस्लाम म्हणजे काय? उत्तर मिळाले: साक्ष, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि ऐपत असल्यास हज. मग त्याने विचारले, ईमान म्हणजे काय? तिथे अल्लाह, फरिश्ते (देवदूत), ग्रंथ, प्रेषित, अंतिम दिवस आणि नियती यांवरील श्रद्धा सांगितली गेली. तिसरा प्रश्न ‘इहसान’चा होता, आणि त्याचे उत्तर असे की तू अल्लाहची उपासना अशी करावीस की जणू त्याला पाहतो आहेस, आणि तू पाहत नसलास तरी तो तुला पाहतो आहे.

प्रत्येक उत्तरावर तो माणूस "खरे बोललात" म्हणत होता, आणि हा विचारतोही आणि पडताळतोही याचे ऐकणाऱ्यांना नवल वाटले, असे हजरत उमर सांगतात. तो निघून गेल्यावर कळले की ते जिब्रील हे फरिश्ते होते.

तेव्हा ज्याला आपण ‘पाच स्तंभ’ म्हणतो ते आज्ञापालनाचे शरीर आहे. शरीराशिवाय आज्ञापालन नुसता विचार राहते, हे खरे. पण शरीर म्हणजे सगळे नव्हे. याच्या जोडीला ४९:१४ ही आयत वाचावी. वाळवंटातले काही लोक "आम्ही ईमान आणले" म्हणाले, तेव्हा त्यांना सांगितले गेले की तुम्ही अजून ईमान आणलेले नाही, "आम्ही स्वाधीन झालो" एवढेच म्हणा, कारण ईमान अजून तुमच्या अंतःकरणात शिरलेले नाही. मला या आयतीत कठोरपणापेक्षा दया जास्त दिसते. तिच्यात पुढे लगेच म्हटले आहे की तुम्ही आज्ञेत राहिलात तर तुमच्या कर्मांतले काहीही कमी केले जाणार नाही. मन पूर्ण तयार होईपर्यंत देहाने थांबावे, असे कुठेही सांगितलेले नाही.

साधा प्रश्न

मी मुस्लिम नाही, आणि देवावरही माझी ठाम श्रद्धा नाही. तरी हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून संकोच बाजूला ठेवून विचारतो. ‘आज्ञापालन’ या शब्दाची मला भीती वाटते. जगातली पुष्कळ भयंकर कृत्ये "मी फक्त आज्ञा पाळली" असे म्हणणाऱ्या माणसांनी केलेली आहेत. ज्या परंपरेच्या केंद्रस्थानी आज्ञापालन आहे, तिथे माणूस आपला विवेक कोणाच्या तरी पायाशी ठेवून मोकळा होत नाही का? आणि आपल्या मुलाच्या मानेवर सुरी ठेवायला तयार होणारे इब्राहीम हा आदर्श असेल, तर माझ्यासारख्याने तो कसा समजून घ्यावा?

कातळ

साधा प्रश्न, आपली भीती रास्त आहे, आणि ती पैगंबरांच्या (स.) हयातीतच एकदा प्रत्यक्ष समोर उभी राहिली होती.

त्यांनी एक लहान तुकडी पाठवली, एका अन्सारी (मदिनेतल्या) माणसाला तिचा प्रमुख नेमले आणि त्याचे ऐका असे इतरांना सांगितले. वाटेत तो प्रमुख कशावरून तरी संतापला. त्याने लाकडे गोळा करायला लावली, ती पेटवली आणि आज्ञा केली: आत शिरा. काही जण निघालेही. पण ते एकमेकांकडे पाहू लागले आणि त्यांच्यातले काही म्हणाले, आगीपासून वाचण्यासाठीच तर आपण पैगंबरांकडे (स.) आलो होतो. असे घुटमळत असतानाच आग विझली आणि प्रमुखाचा संतापही निवला. परतल्यावर हे पैगंबरांच्या (स.) कानावर गेले, तेव्हा ते म्हणाले की आत शिरले असते तर ते त्यातून कधीच बाहेर आले नसते; आज्ञापालन केवळ योग्य गोष्टीत असते. पैगंबरांचे (स.) जावई हजरत अली यांनी सांगितलेला हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे.

त्या माणसांकडे बळकट सबब होती, कारण प्रमुखाचे ऐका असे खुद्द पैगंबरांनीच (स.) सांगितले होते. तरीही ती सबब ग्राह्य धरली गेली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे "मी फक्त आज्ञा पाळली" या वाक्याला इस्लाममध्ये त्या दिवशी कायमचे दार बंद झाले.

४:५९ या आयतीची रचनाही याच दिशेने बोलते. "अल्लाहची आज्ञा पाळा, आणि प्रेषिताची आज्ञा पाळा, आणि तुमच्यातल्या अधिकारी लोकांची" असे तिथे आहे. ‘आज्ञा पाळा’ हे क्रियापद अल्लाहसाठी एकदा येते आणि प्रेषितासाठी पुन्हा येते, पण अधिकाऱ्यांपाशी ते पुन्हा येत नाही. भाष्यकारांनी यावरून असे म्हटले आहे की अधिकाऱ्याचे आज्ञापालन स्वतंत्र नाही, ते पहिल्या दोघांच्या छायेतले आहे. लगेच पुढे मतभेद झाल्यास काय करायचे तेही सांगितले आहे. अधिकाऱ्याशी मतभेद होऊ शकतो, हे आयतीने गृहीतच धरलेले आहे. इ.स. ६३२ मध्ये खलिफा झाल्यावर हजरत अबू बक्र यांनी पहिल्या भाषणात लोकांना जे सांगितले त्याचा आशय असा की मी अल्लाह आणि प्रेषिताच्या आज्ञेत आहे तोवर माझे ऐका, आणि मी ती मोडली तर माझे ऐकणे तुमच्यावर बंधनकारक नाही. सत्ता हाती आल्याच्या दिवशी आपल्याला नाकारण्याचा हक्क लोकांच्या हाती देणारा राज्यकर्ता मला फार मोठा वाटतो.

इब्राहीम यांच्याविषयी मला सावकाश लिहायचे आहे. सूरा ३७ मधले वर्णन मोजक्या ओळींचे आहे. ते मुलाला झोपेत पकडत नाहीत. "मी स्वप्नात असे पाहतो आहे, तुझे काय मत आहे?" असे ते त्याला विचारतात, आणि मुलगा आपले उत्तर स्वतः देतो. त्यानंतरच्या वाक्यात जे क्रियापद आहे ते नेमके ‘अस्लमा’ आहे, आणि ते द्विवचनात आहे. जुन्या संस्कृतसारखे अरबीतही द्विवचन असते; मराठीत ते उरलेले नाही, म्हणून भाषांतरात हा बारकावा बहुतेक वेळा हरवतो. ‘मग जेव्हा त्या दोघांनी स्वतःला सोपवले...’ म्हणजे एकाने दुसऱ्याला सोपवले असे नसून दोघेही आपापले मुस्लिम झाले. (मुलाचे नाव त्या ओळींत नाही. बहुतेक मुस्लिम परंपरा तो इस्माईल होता असे मानते; तबरी यांच्यासारखे मोठे भाष्यकार इस्हाक यांच्या बाजूचे होते.)

आणि ती कथा हत्येने संपत नाही, हात थांबवला जाण्याने संपते. तिचा दाखला देऊन कोणालाही "मलाही तशीच आज्ञा झाली" असे म्हणता येत नाही, कारण प्रेषितत्व संपले आहे आणि सामान्य माणसाच्या स्वप्नाने शरीअतचा कोणताही मनाईहुकूम उठत नाही, असे फिकहचे (इस्लामी कायद्याचे) अभ्यासक स्पष्टपणे मानतात. कुर्बानीविषयी कुरआनाने सांगितले आहे की त्यांचे मांस वा रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून वागणे (२२:३७).

साधा प्रश्न

कातळ, आगीचा प्रसंग मला मुळीच माहीत नव्हता, आणि तो वाचून माझी अर्धी भीती खरोखरच कमी झाली. द्विवचनाचा मुद्दाही मनात राहील. इब्राहीम यांच्या कथेबाबत मात्र मी प्रामाणिकपणे सांगतो की हात थांबवला गेला तरी तो उचलला गेला होता, हे मला विसरता येत नाही.

कातळ

ते विसरू नये असेच मला वाटते. जी माणसे ही कथा सहजपणे, मन न थरथरता सांगतात, त्यांनी ती ऐकलीच नाही, असे माझे मत आहे. कुरआनानेही तिला ‘उघड परीक्षा’ म्हटले आहे.

चांदणवेल

मला या चर्चेत एक बाजू कमी पडते आहे असे वाटते. ‘आज्ञेत राहा’ हे वाक्य आम्हा बायकांना घरात जितक्या वेळा ऐकवले जाते तितके ते क्वचितच दुसऱ्या कोणाला ऐकवले जात असेल, आणि ऐकवणारा पुष्कळदा देवाच्या नावावर स्वतःची सोय पाहत असतो. म्हणून दोन प्रसंग इथे ठेवते. मला त्यांनी फार आधार दिला आहे.

पहिला सूरा ५८ चा. खौला बिन्त सअलबा यांच्या पतीने त्यांना "तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस" असे म्हटले होते. जुन्या अरबी रूढीप्रमाणे त्यानंतर ती बाई पत्नी म्हणून नांदू शकत नसे आणि मोकळीही होत नसे. खौला थेट पैगंबरांकडे (स.) गेल्या आणि वाद घालत राहिल्या. त्यावर उतरलेल्या सूरेची सुरुवातच अशी आहे की आपल्या पतीविषयी जी तुझ्याशी वाद घालते आहे तिचे बोलणे अल्लाहने ऐकले. सूरेचे नावही ‘मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी, असे आहे. रूढी मोडीत निघाली आणि असे बोलणाऱ्या पुरुषाला प्रायश्चित्त लावले गेले.

दुसरा प्रसंग बरीरा यांचा. त्या गुलामीतून मुक्त झाल्या आणि मुगीस या आपल्या पतीजवळ राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. मुगीस त्यांच्या मागे रडत फिरत असत, अश्रू दाढीवर ओघळत असत. पैगंबरांना (स.) त्यांची दया आली आणि ते बरीरा यांना म्हणाले, तू परत गेलीस तर? बरीरा यांनी विचारले, "ही आपली आज्ञा आहे का?" ते म्हणाले, नाही, मी फक्त शब्द टाकतो आहे. त्यावर बरीरा म्हणाल्या, "मग मला त्यांची गरज नाही." बुखारींच्या संग्रहात हा प्रसंग आहे आणि त्यात कुठेही त्यांना दोष दिलेला नाही.

ज्या बाईने असा प्रश्न विचारला तिला आज्ञापालन म्हणजे काय हे नेमके कळले होते. आज्ञा असती तर ती मानायला त्या तयार होत्या, म्हणून तर त्यांनी विचारले. पण आज्ञा आणि इच्छा यांत फरक आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि प्रत्यक्ष पैगंबरांची (स.) इच्छासुद्धा त्यांनी नम्रपणे नाकारली. आईवडिलांविषयीही हेच माप आहे: त्यांनी अल्लाहबरोबर दुसऱ्या कोणाला भागीदार करायला लावले तर त्यांचे ऐकू नकोस, पण या जगात त्यांच्याशी चांगुलपणाने वाग (३१:१५). ऐकायचे नाही आणि तोडायचेही नाही. हे जमवणे किती अवघड आहे ते ज्यांनी केले आहे त्यांनाच माहीत.

जुनी वही

उंबरठा यांच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. आज्ञा मोडणारा मुस्लिम राहतो का, या प्रश्नावर मुस्लिम समाजातले पहिले मोठे धर्मशास्त्रीय वाद झाले, आणि ते केवळ मदरशांत नव्हे, तर रणांगणावर सुरू झाले.

इ.स. ६५७ मध्ये सिफ्फीन येथे तेव्हाचे खलिफा हजरत अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्या सैन्यांत लढाई झाली आणि वाद लवादाकडे सोपवायचे ठरले. अली यांच्या बाजूचा एक गट यावरच बिथरला. "हुकूम फक्त अल्लाहचा" ही त्यांची घोषणा होती, आणि माणसांना निवाडा करायला बसवणे हीच त्यांना अवज्ञा वाटली. त्यांना पुढे खारिजी म्हटले गेले. घोर पाप करणारा मुस्लिम उरत नाही, असे त्यांच्यातले कडवे लोक मानत. त्यांची घोषणा ऐकून अली म्हणाले होते की शब्द सत्य आहेत, पण त्यांमागचा हेतू असत्य आहे. ६६१ मध्ये कूफा येथे त्याच गटातल्या एकाने नमाजेच्या वेळी अली यांच्यावर वार केला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. ज्यांनी हे केले ते रात्र रात्र नमाज पढणारे लोक होते. मी हा इतिहास पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो, कारण देवाच्या आज्ञेचे नाव घेऊन माणूस कुठवर जाऊ शकतो याचे उदाहरण बाहेर कुठे शोधावे लागत नाही.

याच्या उलट टोकाला मुर्जिआ होते, ज्यांनी कर्म बाजूला ठेवून ईमानाचा निर्णय अल्लाहवर सोडला. मुअतझिला या तर्कवादी पंथाने पापी माणूस श्रद्धा आणि अश्रद्धा या दोन स्थितींच्या मधल्या स्थितीत असतो असे मांडले. इमाम अबू हनीफा यांच्या मते ईमान म्हणजे अंतःकरणाने मानणे आणि जिभेने सांगणे. कर्म आवश्यक आहे, पण ते ईमानाचा अंगभूत भाग नाही. इमाम शाफिई आणि इमाम अहमद यांच्या मते ईमान हे उक्ती आणि कृती दोन्ही आहे, ते आज्ञापालनाने वाढते आणि अवज्ञेने घटते. या दोन मतांत फरक असला तरी एका गोष्टीवर सुन्नी परंपरा ठाम राहिली: पाप हे पापच आहे असे मानत असलेला माणूस केवळ पापामुळे इस्लामबाहेर जात नाही.

दुसऱ्याच्या आत डोकावून निर्णय देण्याविषयी पैगंबरांचे (स.) तरुण सहकारी उसामा यांचा प्रसंग सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. लढाईत समोरच्याने ऐनवेळी कलमा (इस्लामची साक्ष) उच्चारला, तरी उसामा यांनी त्याला ठार केले. त्याने तो शस्त्राच्या भीतीने म्हटला, असे त्यांनी नंतर सांगितले. पैगंबर (स.) म्हणाले, "तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस का?" हे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, इतके की आपण आजच मुस्लिम झालो असतो तर बरे झाले असते असे उसामा यांना वाटू लागले.

आधुनिक काळातही हा प्रश्न सुटलेला नाही. १९५३ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबात झालेल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी केली. त्यांनी पुढे आलेल्या उलेमांना (धर्मपंडितांना) ‘मुस्लिम’ या शब्दाची व्याख्या विचारली, आणि १९५४ च्या अहवालात नोंदवले की कोणत्याही दोघांचे उत्तर एक आले नाही. पुढे जुलै २००५ मध्ये अम्मान येथे पन्नास देशांतल्या सुमारे दोनशे विद्वानांनी एकत्र येऊन आठ मझहब (धर्मशास्त्राच्या शाखा) मान्य केले आणि त्यांपैकी कोणाच्याही अनुयायाला काफिर ठरवण्यास मनाई केली. त्या आठांत चार सुन्नी आहेत, दोन शिया आहेत, आणि इबादीही आहेत, ज्यांचा उगम इतिहासकार सिफ्फीननंतरच्या त्याच फुटीशी जोडतात. चौदा शतकांनी का होईना, पण एका जखमेवर हात ठेवला गेला.

पहाटवारा

मी विद्वान नाही. मी एका कार्यालयात आलेल्या अर्जांची नोंद करतो. तिथे माझ्या हातून जे घडले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका माणसाचा अर्ज अखेरच्या दिवशी, मुदतीत माझ्या टेबलावर आला. वरिष्ठांनी बोलावून सांगितले की याच्यावर परवाची तारीख पडू दे. मी नुकताच जुहरच्या (दुपारच्या) नमाजेसाठी वुजू, म्हणजे हातपाय धुऊन शुद्धी, करून आलो होतो. कोपरांवरचे पाणी अजून वाळलेले नव्हते. तारखेच्या शिक्क्याला रबरी चाके असतात, ती अंगठ्याने फिरवायची असतात. मी चाक दोन घरे पुढे सरकवले, शिक्का मारला, चाक परत मागे आणले आणि नमाजेला गेलो. कोणी धमकावले नव्हते. मला नकार द्यायचा अवघडलेपणा नको होता, एवढेच.

सजद्यात गेलो तेव्हा अंगठ्याला लागलेली शाई मुसल्ल्यावर (नमाजेच्या चटईवर) दिसली. माझे कपाळ जमिनीला टेकलेले होते आणि माझा अंगठा दुसऱ्याच कोणाच्या तरी आज्ञेत होता. नमाजेत गाफील राहणाऱ्या, दाखवण्यासाठी करणाऱ्या आणि साधी मदतही नाकारणाऱ्या नमाजींना ज्या सूरेत इशारा आहे (सूरा १०७), ती मी लहानपणापासून पाठ म्हणतो. त्या दुपारी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

तौबेच्या (पापातून परतण्याच्या) अटी उलेमांनी सांगितल्या आहेत: ते कृत्य थांबवणे, त्याचा मनापासून पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, आणि त्यात कोणा माणसाचा हक्क बुडाला असेल तर तो परत करणे. पहिल्या तीन मी त्याच रात्री घरी बसून पूर्ण केल्या असे समजत होतो. चौथीला मला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी मी लेखी दिले की तारीख मी बदलली. तो अर्ज पुन्हा विचारात घेतला गेला, आणि माझी बदली झाली.

तेव्हापासून मला इब्लीस (सैतान) आणि आदम यांच्या गोष्टीत एक फरक दिसतो. अवज्ञा दोघांनीही केली. इब्लीसला एकाच सजद्याची आज्ञा होती आणि त्याच्याकडे कारण तयार होते: मी याच्याहून श्रेष्ठ, मी आगीचा, हा मातीचा. आदम आणि त्यांच्या पत्नीने कारण दिले नाही; "आमच्या पालनकर्त्या, आम्ही स्वतःवर अन्याय केला" एवढेच ते म्हणाले (७:२३). त्या अकरा दिवसांत माझ्याकडेही खूप कारणे होती, आणि त्यांतली काही तर्काने चांगली होती. उंबरठा, आपल्या दुसऱ्या प्रश्नावर माझे उत्तर इतकेच आहे की मी त्या अकरा दिवसांत मुस्लिम होतो की नाही हे मला ठरवता येत नाही. बाराव्या दिवशी सकाळी दरवाजा उघडताना मात्र मी होतो.

वाचनकोपरा

पहाटवारा, हे लिहिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. मुस्लिम तो, ज्याच्या जिभेपासून आणि हातापासून इतर मुस्लिम सुरक्षित राहतात, ही हदीस मी शेकडो वेळा वाचली असेल. ‘हात’ या शब्दात अंगठाही येतो, हे आज कळले.

उंबरठा

सगळ्यांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले, आणि चांदणवेल यांचा तीनदा. पहिल्या लेखनात जी गोष्ट मी टाळली होती ती आता सांगते.

माझ्या वडिलांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. बोलणे गेले, उजवी बाजू गेली, आणि आता मानही स्वतःहून हलत नाही. आजारी असलेल्या इमरान बिन हुसैन यांना पैगंबरांनी (स.) सांगितले होते की उभा राहून नमाज पढ, ते जमले नाही तर बसून, आणि तेही जमले नाही तर कुशीवर. त्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाचे काय, यावर इमामांत मतभेद आहेत. शाफिई मताप्रमाणे डोळ्यांच्या खुणेने आणि शेवटी मनानेही नमाज होते. हनफी मताप्रमाणे डोक्याने खूण करणेही शक्य नसेल तर नमाज त्याच्यावरून त्या वेळेपुरती दूर होते. आम्ही हनफी आहोत. एका जाणत्या आलिमांनी घरी येऊन वडिलांच्या कानाशी हे नीट समजावून सांगितले की आपल्यावर आता भार नाही, अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीबाहेरचा भार टाकत नाही (२:२८६).

वडिलांनी ते ऐकले. डोळे मिटून होकार दिला. आणि असरच्या (दुपारनंतरच्या नमाजेच्या) अजानला त्यांच्या पापण्या हलू लागल्या: एकदा हळू, मग थांबून दोनदा, पुन्हा थांबून दोनदा. आम्हाला समजायला दोन-तीन दिवस लागले की तो रुकू (कमरेतून वाकणे) आहे आणि ते सजदे आहेत.

मला तेव्हा राग आला होता, हे आज कबूल करते. सूट दिली आहे तर घ्या, असे मला वाटत होते. सूट घेणे हेही आज्ञापालनच आहे असा माझा युक्तिवाद होता, आणि तो चुकीचा नाही. पण भाच्याला उत्तर दिले त्या दिवशी माझ्या लक्षात आले की मी वडिलांच्या पापण्यांकडे नियम म्हणून पाहत होते, आणि ते नियम पाळतच नव्हते. त्यांच्या देहातल्या सगळ्या गोष्टी आता नाखुशीने स्वाधीन झालेल्या आहेत. खुशीने सोपवता येईल असे त्यांच्याकडे फक्त एवढेच उरले आहे.

काल संध्याकाळी मी भाच्याला जवळ बसवून सांगितले की मी दिलेले उत्तर अपुरे होते. त्याने थोडा विचार करून विचारले, "मग नाना आहेत का मुस्लिम? ते तर काहीच करू शकत नाहीत." मी त्याला उत्तर दिले नाही, मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजेच्या) आधी त्यांच्या खोलीत घेऊन गेले. वडिलांना पाणी लावणे आता सोसत नाही, म्हणून तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीने शुद्धी, करतो. मी मातीचे तबक पुढे केले आणि कसे करायचे ते दाखवले. त्याने दोन्ही तळहात मातीवर टेकवले, जास्तीची धूळ झटकली आणि नानांच्या चेहऱ्यावरून हात फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, अगदी सावकाश. मग पुन्हा मातीला हात लावून त्यांचे हात पुसले, आधी उजवा, मग डावा. उजव्या हाताला काही जाणवत नाही हे त्याला माहीत आहे, तरी त्याने तो डाव्याइतकाच जपून कोपरापर्यंत पुसला.

मग तो खाटेच्या कडेशी बसला आणि त्यांच्या पापण्या मोजू लागला.